केसपेपरांचा वास

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचो. जे मोजता येत नाही त्यावर माझा कधी विश्वास नव्हता — आजही फारसा नाही. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. पत्नीला, सुमनला, जाऊन थोडेच महिने झाले होते. ऑपरेशन नीट झालं, पण जखम चिघळली... कोणतंच इंजेक्शन लागू पडलं नाही. शेवटी शेवटी तिच्या ड्रेसिंगला गोडसर वास यायचा, उतरलेल्या द्राक्षांसारखा. कोल्हापुरातल्या त्याच दवाखान्यातले एक डॉक्टर जुन्या केसपेपरांवरून कोणती अँटिबायोटिक्स निकामी होत चालली आहेत याचा अभ्यास करत होते. आकडेवारीसाठी त्यांनी मला सुट्टीत बोलावलं. घरी बसवत नव्हतं, गेलो.

रेकॉर्ड रूममध्ये, भर दुपारी, काही पेपर उघडण्याआधीच त्यांना तो गोडसर वास यायचा. आत लॅबचा रिपोर्ट पाहावा, तर औषध हरलेलं. रेकॉर्ड सांभाळणारे मुल्लाभाई हसायचे, "सर, कागद हुंगताय व्हय? तपकीर हाय काय ती?" त्यांना वास येत नव्हता. मी मनाची समजूत घालायचो — वॉर्डातला वास कागदाने धरून ठेवला असेल.

मग एक पेपर चुकून आमच्या गठ्ठ्यात आला. गडहिंग्लजची बाई, सकाळीच भरती झालेली, पायाला जखम. रिपोर्ट अजून यायचा होता. नवा कोरा कागद... आणि तोच वास.

मी पेपर घेऊन डॉक्टरांकडे गेलो. "हिला तुम्ही लिहिलेलं अँपिसिलिन लागू पडणार नाही."

"प्रोफेसर, ज्योतिष कधीपासून?" ते म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. "बरं. बदलतो."

रिपोर्ट मी म्हटलं तसाच आला. बाई वाचली.

घरी न्यायच्या दिवशी, डॉक्टरांकडून ऐकून, तिचा नवरा मला शोधत आला आणि पायाच पडला. "सर, तुमी बोललासा म्हनून ती हाय बगा. एकदा गावाकडं या की, वैनीस्नी घिऊन."

"येतो," मी म्हटलं. त्याच्याकडे पाहवेना. ती बाई जगल्याचा मला राग आला होता — सरळ राग. सुमनच्या वेळी मला हे का कळलं नाही?

त्यानंतर तो वास आला नाही. औषध हरल्याचे पेपर निघतच होते, पण त्यांना नुसता धुळीचा वास. आधी का यायचा, नंतर का थांबला... आजही सांगता येत नाही. मुल्लाभाई जेवायला गेले की मी गठ्ठे सोडून एकेक कागद नाकाशी धरायचो. कुणाला वाचवायचं मनातही नसायचं. मला फक्त सुमन हवी होती.