गेणबातात्यांची पाणकुंजर

अंथुर्ण्याच्या गेणबातात्यांच्या तोंडून साठ वर्षांत तीन शब्द कुणी ऐकले नव्हते: "मला ठावं न्हाय." रानातलं कुठलंही पान पुढं करा, तात्या ते तळहातावर चोळत, हुंगत, देठ मोडून चीक निघतो का बघत आणि शेवटी डोळे मिटत. डोळे मिटण्याचा पाल्याशी काही संबंध नव्हता. पण त्याशिवाय बघणाऱ्यांचं समाधान होत नसे. मग नाव येई. निमगाव केतकीच्या बाजारातसुद्धा माळवं विकणाऱ्या बाया शंका आली की तात्यांनाच हाक मारत.

वडिलांनी तात्यांना एक नियम घालून दिला होता. अनोळखी पाला आधी आपण नखाएवढा खायचा, दुसऱ्या दिवसाचा सूर्य बघायचा, मगच लोकांना सांगायचं. तात्यांनी तो वीस वर्षं मोडला नव्हता, कारण वीस वर्षांत अनोळखी पाला भेटलाच नव्हता.

चौतीस साली कालव्याचा गाळ उपसून काठावर टाकला आणि पावसाळ्यात त्यातून नाही नाही ती रोपटी वर आली. शेजारची धोंडाबाई त्यातलाच ओटीभर पाला घेऊन पारापाशी उभी राहिली.

"तात्या, ही कुंजरच न्हवं? आमच्या लेकीला, इजयमालाला सातवा म्हैना लागलाय. कुंजरीच्या भाजीवर लई मन गेलंय तिचं."

तात्यांनी पान घेतलं. वरून कुंजरच. खालून मात्र तांबूस लव. वास नाही, चीक नाही. तात्यांनी डोळे मिटले. आत काळोख. पुन्हा उघडून पुन्हा मिटले. तोच काळोख.

पारावर झुंबर न्हावी एकाची हजामत करत होता. गावातल्या कुणाचीही फजिती त्याला वस्तऱ्याआधी दिसे.

"का वो तात्या, अडलं जणू?"

झालं! तात्यांची मान ताठ झाली. "अडतंय कशाला? पाणकुंजर हाय ही. गरवार बाईला लई चांगली."

धोंडाबाई खूश होऊन गेली. तात्यांच्या हातात एक डहाळी राहिली. हे नाव आपण आत्ताच, बसल्या जागी तयार केलं, हे पारावर फक्त तात्यांनाच माहीत होतं.

घरी येऊन त्यांनी डहाळी शेळीपुढं धरली. गेल्याच महिन्यात या शेळीनं तात्यांचं अर्धं पंचांग आणि पटक्याचा शेमला खाल्ला होता. तिनं पान हुंगलं आणि भांडलेल्या जावेकडून फिरवावं तसं तोंड फिरवलं.

तात्यांची बायको कुशाबाई दारातून बघत होती. "अवं, शेळी तोंड लावंना, आन् तुमी कुणाला खायला सांगितलंसा?"

तात्या उत्तर द्यायला थांबले नाहीत. धोतराचा सोगा हातात धरून जे निघाले, ते पायात एकच पायताण आहे हेही त्यांना कळलं नाही. वाटेत झुंबर आडवा आला.

"तात्या, माझ्या गुडघ्याला चालंल का पाणकुंजर?"

"मर की तिकडं!"

धोंडाबाईच्या घरात विजयमाला भाकरी घेऊन बसली होती. ताटात हिरवीगार भाजी.

"पोरी, आज पालेभाजी खाऊ नगं. चतुर्थी हाय."

"चतुर्थी काल झाली की, तात्या."

"मग... आभाळ आलंय. आभाळात बाधती."

विजयमालानं हसून घास उचलला. तात्यांनी झडप घालून तिचं मनगट धरलं.

"थांब! मला... मला ठावं न्हाय ती कसली हाय!"

धोंडाबाईच्या हातातली पळी तिथंच थांबली. "पारावर तर नाव सांगितलंसा."

"नाव म्या बनिवलं."

"दोन घास गेलं की वो तिच्या पोटात!"

तात्यांनी ताट ओढलं. ताटातली भाजी खाल्ली, मग तव्यातली, मग तवाही पुसून घेतला. "म्या चौपट खाल्ली. काय व्हायचं ते आदी मला हुईल," म्हणून ते ओट्यावर जाऊन बसले.

धोंडाबाई शिव्या देती तर बरं झालं असतं. ती लेकीचा हात धरून बसली.

"पोरी, गरगरतंय का?"

"न्हाय."

"जीभ जड पडली?"

"न्हाय, तात्या."

"बाळ हालतंय न्हवं?"

"हालतंय की. तुमी इचारलं की जादाच हालतंय."

तात्यांच्या स्वतःच्या पोटात एकदा गुडगुडलं. मिरच्यांचं असेल, अशी त्यांनी समजूत घातली. पण समजूत पोटापर्यंत पोचेना. लिंबाची सावली पायरीवरून सरकत गोठ्याला टेकली, तेव्हा आतून विजयमालाचा आवाज आला.

"आई, भूक लागली गं."

तात्यांनी पटका डोळ्यांना लावला. तरीही उठले नाहीत. नियम म्हणजे नियम. सकाळी ऊन ओट्यावर आलं आणि विजयमालानं स्वतः ताकाचा तांब्या आणून दिला, तेव्हा कुठं ते दुसरं पायताण शोधायला निघाले.

पारावर झुंबरनं सगळं गाव गोळा करून ठेवलंच होतं. त्यानं एक जुडी पुढं केली.

"तात्या, ही कसली भाजी?"

शेंबडं पोरही ओळखेल असा तो तांदुळजा होता. तात्यांनी पान चोळलं, हुंगलं, नखाएवढं तोडून खाल्लं आणि डोळे न मिटता म्हणाले, "उद्या सांगतो."