शेवट मिस नुहांचा

करक शहरातल्या मुलींच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत अरीज आणि मी एकाच टेबलापाशी बसतो. मी भूगोल शिकवते, ती प्रगत वर्गाला इंग्रजी. लघुकथेचे घटक ती इतके रंगवून शिकवते की जाताजाता मीही दाराशी थबकते.

त्या सोमवारी शिक्षण कार्यालयातून परीक्षेसाठीच्या नव्या नमुना-कथेच्या आणि तिच्या नमुना उत्तरांच्या प्रती आल्या. अरीजनं एक पान वाचलं आणि चहाचा ग्लास खाली ठेवला.

"हना, ही माझी कथा आहे गं."

तिचा भाऊ अकाबा बंदराच्या रस्त्यावर ट्रक उलटून वारला. पुढे वर्षभर आई दर गुरुवारी त्याचा निळा शर्ट इस्त्री करायची. मग एक दिवस तिनं तो शेजारच्या पोराला देऊन टाकला. सतराव्या वर्षी अरीजनं एवढंच लिहिलं होतं. तिच्या बाई, मिस नुहा, म्हणाल्या होत्या, "यात संघर्ष कुठाय? उत्कर्षबिंदू कुठाय?" वही मात्र त्यांनी परत दिली नाही. अरीजनं पुन्हा कथा लिहिली नाही.

आता नुहा निरीक्षक होत्या आणि कथेखाली त्यांचं नाव होतं. शेवट तेवढा नवा होता: आई धावत जाऊन शर्ट परत आणते आणि तो कवटाळून प्राण सोडते.

अरीजनं माझ्यासमोरच नुहांना फोन लावला. पलीकडून हसण्याचा आवाज आला.

"अगं, मुली काय, बरंच काही खरडतात. त्याची कथा मी केली. पुरावा आहे तुझ्याकडे?"

नव्हता.

पुढच्या आठवड्यात नुहा तपासणीला आल्या. त्या मागच्या बाकावर बसल्या, मी त्यांच्या शेजारी. अरीजनं त्याच कथेचा उत्कर्षबिंदू विचारला. सुंदुस नावाची मुलगी उठली.

"आई शर्ट देऊन टाकते, तोच. मरणं खोटं वाटतं, मिस. माझा मामा गेला तेव्हा आजी काही मेली नाही. चौथ्या दिवशी रोट्या भाजत होती."

नुहांनी वहीत काहीतरी टिपलं. अरीजनं ते पाहिलं आणि ती फळ्याकडे वळली.

"नमुना उत्तरात मृत्यू दिलाय. तेच लिहा."

"पण मिस—"

"खाली बस. परीक्षेत तुझ्या आजीला मार्क नाहीत."

वर्ग खदखदून हसला. सुंदुसचे कान लाल झाले.

अहवालात अरीजला 'उत्कृष्ट' शेरा मिळाला. मी चिडून विचारलं, "बोलली का नाहीस?"

"घाबरले," ती म्हणाली. "आणि राग काढला त्या पोरीवर."

महिन्याभरात सुंदुसनं प्रगत वर्ग सोडला. अरीजनं तिला आमच्या टेबलापाशी बोलावून माफी मागितली. कथा कोणाची, तेही सांगितलं.

सुंदुसनं ऐकून घेतलं. "मग तेव्हा तुम्हाला माहीत होतं, मी बरोबर होते ते," ती म्हणाली, आणि दप्तर उचलून तासाला गेली.