कमरीपेठेसारखं स्टेशन

प्रभंजनअण्णांनी सव्वीस वर्षं तारिहाळच्या एका कारखान्यात पाण्याच्या टाक्यांची ड्रॉइंगं काढली. टाकी कुठे बसणार, तिच्या शेजारी कोण राहतं, हे त्यांना कधी कुणी विचारलं नाही. माणूस सुखात होता. मग कारखान्याने नारळ दिला, अण्णा गोकुळ रोडवरच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागले आणि त्या सुखाला दृष्ट लागली.

शहरात लाइट रेल यायची होती. ऑफिसातल्या मेधा मॅडम, वयाने अण्णांच्या लेकीएवढ्या, म्हणाल्या, "अण्णा, प्रत्येक स्टेशन आपापल्या पेठेला शोभलं पाहिजे. तुम्ही कमरीपेठेतच जन्मलात ना? मग तिथलं तुम्ही काढा. पेठ कशी दिसते, तेवढं कागदावर आणा."

अण्णा "हो" म्हणून बसले आणि घरी येईपर्यंत घामाघूम झाले. पेठ कशी दिसते? पंचावन्न वर्षांत त्यांनी ती पाहिलीच नव्हती. गटारात पाय पडू नये म्हणून जन्मभर खाली बघत चाललेला माणूस तो!

अट सरळ होती. नमुना लोकांना पटला तर स्टेशन अण्णांच्या हातचं; नाही पटला तर सगळीकडे बसणार तेच पत्र्याचं छप्पर इथेही. टाक्यांवर कंपनीचं नाव असायचं. आपण काढलेली एक तरी गोष्ट पेठेने आपली म्हणावी, ही हौस अण्णांना या वयात चढली होती.

दुसऱ्या दिवसापासून ते टेप घेऊन लोकांची दारं मोजत सुटले. पेठेत बातमी पसरायला वेळ लागत नाही, पसरवायला आम्ही असतोच. "रस्तारुंदी येतेय, प्रभंजन फितूर झाला!" संतोष शिंपी तर दुकानाच्या पायरीवर फतकल मारून बसला, दिवसभर उठलाच नाही.

कुसुमावतीवहिनी वैतागल्या. "अहो, लोकांच्या दारात वाकून वाकून काय बघता? शेट्टरांची सून विचारत होती, तुमच्या ह्यांचं काही हरवलंय का म्हणून."

"हरवलं नाही गं. सापडतच नाहीये."

शेवटी त्यांनी समोरच्या अंबूताईंना गाठलं. "अंबूताई, आपली पेठ कशी आहे हो?"

"कशी म्हणजे? बरी आहे की. नळाला पाणी तेवढं वेळेवर नाही. लिहून घे."

अण्णांनी लिहून घेतलं. सतरा कागद भरले, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. डोकं चालेना तेव्हा त्यांनी जे जे मोजलं होतं ते सगळंच स्टेशनच्या प्रवेशद्वारात घातलं: दगडी पायऱ्या, लाकडी खांब, दिव्याचा कोनाडा, पितळी फुलं ठोकलेली चौकट आणि तिच्या पायाशी चांगला जाड उंबरठा.

रविवारी सकाळी शाळेच्या मैदानात त्या प्रवेशद्वाराचा खराखुरा, माणूस आत जाईल एवढा नमुना उभा राहिला, प्लायवूडचा; उंबरठा तेवढा खऱ्या लाकडाचा. बघायला लाइट रेलचे मोठे साहेब आले, सगळी पेठ आली.

पहिल्या अंबूताई. पायऱ्या चढल्या, थबकल्या, चप्पल काढली, वाकून उंबरठ्याला हात लावला, हात डोळ्यांना लावला आणि आत गेल्या. मागच्या बायकांनीही चपला काढल्या. संतोषने बूट काढले, वर मोजेही. एक आजोबा साहेबांनाच कानडीत विचारायला लागले, "चप्पल यल्लि बिडबेकु?" चपला सोडायच्या कुठे, ते साहेबांना तरी काय ठाऊक! पायरीखाली हा ढीग झाला.

साहेब ढिगाकडे बघत राहिले. "मॅडम, हे लोकांना पटलं म्हणायचं की नाही?"

"पटलंय, सर. जरा जास्तच."

"मग गाडीत अनवाणी बसणार काय हे? पास कसं करू?"

अण्णांना काही सुधरेना. कौतुक चाललंय की पंचाईत? ते अंबूताईंकडे धावले. "चप्पल का काढलीत?"

"उंबरठा आहे की रे! चप्पल घालून ओलांडू? घरात एवढंही शिकवलं नाही तुला?"

अण्णांनी सुताराची पहार उचलली आणि स्वतःच्या हाताने उंबरठा उचकटून काढला. "आता जा बघू सगळे."

सगळे चपला घालून धडाधड आत शिरले, तिकडून बाहेर पडले. कुणी वाकलं नाही, कुणी थांबलंही नाही. साहेबांनी जागच्या जागी सही ठोकली. मेधा मॅडमनी हात मिळवला. "अण्णा, झालं तुमचं स्टेशन!"

"झालं ना?" अण्णा म्हणाले. पेठ सापडली होती ती त्या लाकडात, की ते काढल्यावर? त्यांना उमगेना. हातातला उंबरठा कुठे ठेवावा, तेही कळेना.

"टाकू नकोस तो," अंबूताई म्हणाल्या. "आमच्या मागल्या दाराला नाहीये. धर त्या टोकाला."

दोघे उंबरठा उचलून पेठेतून निघाले. संतोष शिंप्याने मोजे चढवता चढवता ओरडून विचारलं, "अण्णा, पास की नापास?"

"पास," अण्णा म्हणाले, आणि चार पावलांवर, "बहुतेक."