ओहोळ पाळकांची खुर्ची

ओहोळ पाळकांच्या पत्नी मार्थाबाईंचं पत्र आठ महिने माझ्या शब्दकोशात पडून आहे. "मास्तर, ह्यांची खुर्ची चर्चमधून काढा. लोक तिच्या पाया पडतात. मला किळस येते." मी उत्तर दिलेलं नाही. काय देणार? ओहोळ पाळक वारले तेव्हा मंडळीच्या मासिकात त्यांच्या वेताच्या खुर्चीला 'दयासन' म्हणणारा मीच. बायबलातल्या कराराच्या कोशावरचं, देवाच्या आज्ञा ठेवलेल्या पेटीवरचं, देवाचं स्थान ते. मी ते एका माणसाच्या बुडाखाली सरकवलं.

दुपारचं जेवून आडवा होतो. पंख्याची घरघर लांब जाते. पलंगाची कड हाताला लागत नाही. मी चर्चमध्ये उभा आहे. वेदीशेजारी ती खुर्ची, तिच्यावर कुजलेल्या झेंडूच्या माळा, खोबरेलाचे ओघळ. एक बाई तान्ह्या पोराचं कपाळ बैठकीवर घासते आहे.

ओहोळ पाळक नाक धरून एक माळ उचलतात. "अहो मास्तर, माझ्या बुडाला नमस्कार चाललाय. मला मूळव्याध होती, सांगितलंत का ह्यांना?"

"लोकांची श्रद्धा आहे, पाळकसाहेब."

"कुणावर?"

मी घसरलेली एक माळ सरळ करतो.

"दहा आज्ञांतली पहिली म्हणा. दुसरा देव नको, ती."

मी तोंड उघडतो, तर माझ्याच लेखातला परिच्छेद बाहेर पडतो, स्वल्पविरामांसकट. थांबवता येत नाही. शेवटच्या वाक्याला माझा आवाज भरून येतो.

"वा!" पाळक म्हणतात. "ते बिचारे निदान माझ्यावर भाळले. तुम्ही तर स्वतःवरच."

आता आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात आहोत. खुर्चीही इथेच आहे. मार्थाबाई भिंतीला टेकून जमिनीवर जेवताहेत. आमच्याकडे बघत नाहीत.

"गुडघे गेलेत हिचे," पाळक म्हणतात. "घरात दुसरी खुर्ची नाही."

ते खुर्ची तिच्याकडे ओढतात. आणि सभेत कधी हात वर न करणारा मी, दोन्ही हातांनी बैठक घट्ट धरून ठेवतो.

"सोडा, मास्तर."

"दयासन! माझा शब्द आहे तो!" मी ओरडतो.

त्या ओरडण्यानंच जाग येते. पावणेचार. उजव्या तळहातावर वेताची जाळी उमटली आहे, लाल, खोल. माझ्या घरात वेताची एकही वस्तू नाही.

लिहायला बसतो. पहिल्या मसुद्यात 'माझी अपराधी लेखणी' येते. वाचून स्वतःचीच शिसारी येते. फाडतो. मग लिहितो: "मार्थाबाई, चूक माझी. रविवारी उपासनेत उभा राहून सांगेन. जमेल का माहीत नाही, पण उभा राहीन. खुर्ची घासून धुऊन शनिवारीच घेऊन येतो. तिच्यावर बसून जेवा."

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट अर्धं आत, अर्धं बाहेर. एखादा बरा शब्द घालता आला असता का, असं अजूनही वाटतं आहे.

पाकीट आत पडतं.