पिवळसर कापसाची गादी

पांढुर्ण्यात माझं गाद्यांचं दुकान आहे. पुढे ओटा, आत कापूस पिंजायची मशीन, मागे गठ्ठे ठेवायची खोली. लोकांच्या वाकळा शिवून शिवून मी हे उभं केलं. कुणी हात दिला नाही, म्हणून कुणाचं ऐकून घ्यायची सवयही लागली नाही.

गादी चांगली कशाला म्हणायची, हे प्रत्येक गिऱ्हाईक मला शिकवून जातं. वसतिगृहवाल्याला वजन पाहिजे. कमी भरली तर तक्रार, जास्त भरली तर आनंद, मग आत चिंध्या का असेनात. लॉजवाला डाग दिसणार नाही असा रंग मागतो आणि जातो. नवं जोडपं पंज्याने दाबून पाहतं आणि एकमेकांकडे बघून हसतं. पोरं मोबाईलवर फोमच्या गादीला लोकांनी दिलेले तारे दाखवतात. तारे देणारा त्या गादीवर एक पावसाळा तरी झोपला का, असं मी विचारते तेव्हा ती मोबाईल खिशात टाकतात.

माझी परीक्षा वेगळी आहे. पावसाळ्यात गादी दमट होते, बसते. मग तिला कडक ऊन दाखवायचं. उन्हात ती पुन्हा फुगून वर आली तर गादी चांगली. नाही आली तर ती बांधणाऱ्याने खोळीचेही पैसे परत करावेत, असं माझं मत आहे.

आमच्याकडे कापूसवाल्या घरांत एक रीत आहे. मुलीचं लग्न ठरलं की पहिल्या वेचणीतला कापूस बाजूला काढतात, जिनिंगमध्ये सरकी काढून आणतात आणि तिच्या आंदणाच्या गाद्या त्याच कापसाने भरतात. सासरच्या बायकाही कमी नाहीत. गादी घरात आली की एक कोपरा उसवायचा, चिमूटभर कापूस काढायचा, ओढून बघायचा. त्यावरून सुनेच्या बापाची शेती कशी आहे ते ठरतं.

बोरगावकडचा एक मोठा शेतकरी असाच आपल्या मुलीसाठी कापूस घेऊन आला. पांढराशुभ्र, रेशमासारखा, लांब धाग्याचा. मंडीत त्याला वरचा भाव मिळाला असता. मी हात घातला आणि सांगितलं, भाऊ, हा कापूस गिरणीला द्या, गादीला नको. लांब बारीक धागा अंगाखाली दाबला जातो, एकमेकात गुंततो आणि बसतो तो बसतोच. गादीला डोंगराकडच्या हलक्या जमिनीतला गावरान कापूस लागतो. धागा आखूड, हाताला खरबरीत, रंग पिवळसर. मंडीत त्याला कुणी विचारत नाही, पण दाबला की तो उलटून वर येतो.

तो भडकला. "माह्या पोरीले मी लोकाचा पिवळा कापूस देऊ?"

"तुमच्या पोरीच्या पाठीले तुमची इज्जत टोचणार हाये का नाही, ते पाहून राहिली मी," मी म्हणाले.

माझ्या तोंडामुळे गिऱ्हाइकं जातात हे मला ठाऊक आहे. हे गेलं नाही. आमचं बराच वेळ वाजलं आणि शेवटी सौदा ठरला: एक गादी त्याच्या कापसाची, एक माझ्याकडच्या गावरान कापसाची. त्याचा उरलेला कापूस मी त्याच्याच गाडीत परत चढवून दिला. जाताना त्याने हळूच सांगितलं, दोन्हीची खोळ एकसारखी लाव.

गाद्या पोचवायला मी स्वतः टेम्पोत बसून सौंसरला गेले. एवढ्या टाक्यांची गादी ड्रायव्हरच्या भरवशावर मी सोडत नाही. नवरदेवाच्या घरी ओसरीत बायका जमल्या होत्या. मुलीचा बापही तिथेच पाहुणचार घेत होता. नवरदेवाच्या आईने कात्री घेतली आणि एकेक कोपरा उसवला. पहिल्या गादीतून पांढरा कापूस निघाला, बायकांनी माना डोलावल्या. दुसरीतून पिवळसर निघाला. तिने तो ओढला, चटकन तुटला.

"गादीवालीनं कापूस बदलला वाट्टे," ती म्हणाली.

मी मुलीच्या बापाकडे पाहिलं. म्हटलं, भाऊ, सांगा ना यांना. आपल्या मुलीच्या आंदणात परका कापूस घातला हे व्याह्यांसमोर कबूल करायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने चहाची बशी तोंडाला लावली, खाली ठेवली.

"मले काय मालूम बाप्पा. मी तं कापूस देऊन आलो होतो."

त्याचा उरलेला कापूस त्याच्याच घरी पडला होता आणि तो मला सगळ्यांदेखत चोर ठरवत होता. मी तिथे जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पण आरडाओरडा करणाऱ्या बाईचं खरं कोण मानतं? मी परत यायच्या आत बातमी पांढुर्ण्यात आली होती.

पुढचे दिवस वाईट गेले. लोक कापूस घेऊन येत आणि गादी भरून होईपर्यंत माझ्या हाताकडे बघत बसत. तेव्हा मी ठरवलं, बघायचंच आहे तर नीट बघा. मशीनमधून कापूस निघाला की तो ओट्यावर, रस्त्यासमोर आणायचा, तिथेच भरायचा, तिथेच टाके घालायचे. आजही माझ्याकडे गादी बंद खोलीत भरली जात नाही. आता दुसरे गादीवालेही तसंच करतात आणि ही आपलीच कल्पना असल्यासारखं सांगतात.

दोन पावसाळे गेले. एका दुपारी नवरदेवाची आई दुकानात येऊन बसली. मी पाणीही विचारलं नाही. तिनेच सुरुवात केली. पांढरी गादी सपाट झाली होती, जागोजाग गोळे, ऊन देऊन देऊन थकलो म्हणाली. पिवळी मात्र आजही उन्हात टाकली की टम्म फुगते आणि तिच्यावर कोण झोपणार यावरून घरात भांडणं होतात. आता धाकट्याचं लग्न होतं. तिला त्याच कापसाच्या गाद्या पाहिजे होत्या.

मला किती बरं वाटलं ते मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. म्हटलं, कापूस आहे, भरून देते. पण आधी तुमच्या व्याह्याने बाजाराच्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन त्या दिवशीचं खरं सांगायचं.

"लय कडक आहा बाई तुम्ही," ती हसली. "माह्या सुनेले सांगीन. तिच्या बापाले तेच आणू शकते."

पोरीने बापाला काय सांगितलं देव जाणे, पण तो आला. बाजार भरलेला, ओट्यावर गिऱ्हाइकं, मशीन चालू. तो माझ्याजवळ येऊन काहीतरी पुटपुटला. मी मशीन बंद केली.

"भाऊ, ऐकू नाही आलं. या लोकायलेही नाही आलं."

त्याने सगळ्यांकडे पाहिलं. रुमालाने मान पुसली.

"या बाईनं कापूस नव्हता बदलला. पिवळा मले इचारूनच भरला होता. मी व्याह्यापुढं खोटं बोललो."

ओट्यावरच्या एका म्हातारीने मला विचारलं, मग तो पिवळा कापूस माझ्या गादीत घालशील का? मी म्हटलं, घालीन, पण तुमच्या डोळ्यासमोर.

त्याच्यासाठी मी खुर्ची मागवली, चहा मागवला. जरा धीर आल्यावर त्याने स्वतःसाठीही एक गादी सांगितली आणि लगेच म्हणाला, आता तरी मजुरीत काही कमी कर, घरचेच झालो आपण. मी सांगितलं, घरचे दोन वर्षं गप्प बसत नाहीत. भाव तोच राहील.

त्याने पूर्ण भाव दिला. त्याच्या गादीत मी टाके नेहमीपेक्षा जवळ घातले, कारण ती गादी माझ्या दुकानाच्या नावावर जाणार होती. राग अजून गेलेला नाही.