मुक्त व्यापार कराराचे मानकरी

भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात जो मुक्त व्यापार करार झाला, त्यात माझ्या भाच्याचा उल्लेख आहे.

नावानिशी नाही. इतकं काही मी फेकणार नाही. पण लोकर, डाळी, दारू, दागिने अशा लांबलचक यादीत कुठेतरी एक ओळ आहे, की भारतातल्या आचाऱ्यांना आणि योगशिक्षकांना तिकडे काही वर्षं काम करायचा परवाना मिळू शकेल. योगाशी आमच्या घराण्याचा संबंध नाही (कमरेत शेवटचे वाकले ते माझे आजोबा, तेही हरवलेली चप्पल शोधायला). पण आचारी आमच्याकडे आहे! माझी धाकटी बहीण शैला मनमाडला असते, तिचा मुलगा ओंकार. केटरिंगचा डिप्लोमा केलेला, आठ वर्षं नाशिकच्या हायवेवरच्या एका हॉटेलात भट्टीपुढे उभा. बायको पल्लवी आणि पाच वर्षांची लेक यांच्यासह इंदिरानगरात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो.

मी स्वतः पाटबंधारे खात्यातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे आमच्या नात्यात कुठलाही कागद निघाला की तो आधी माझ्याकडे येतो. येत नसेल तर मी आणायला जातो.

तर एके दिवशी ओंकार पेढे न घेताच आला आणि दार लावून घेऊन म्हणाला, "मामा, मेलबर्नच्या एका रेस्टॉरंटनं मला पसंत केलंय. व्हिडिओ कॉलवर शेवभाजी करून दाखवली मी."

"व्हिडिओवर? चव कशी कळली त्यांना?"

"मामा, ऐका ना. त्यांच्या वकीलबाईंना महिनाअखेरीच्या आत कागद पाहिजेत. पासपोर्ट आहे, डिप्लोमा आहे. फक्त इतकी वर्षं मुख्य आचारी म्हणून काम केलंय, असं हॉटेलमालकाचं पत्र हवं. ते नसेल तर बाकीचे कागद रद्दीत."

"मग माग की!"

"नानाशेठना मी अजून काहीच सांगितलेलं नाही. लग्नसराई चालू आहे, ते आधीच तापलेत. गर्दी ओसरली की शांतपणे सांगतो. तोपर्यंत कुठे बोलू नका."

"अरे, मी कशाला कुणाला बोलतोय?"

यावर तो माझ्याकडे न बघता आमच्या हिला म्हणाला, "मामी, तुम्ही जरा लक्ष ठेवा." हा अपमान मी गिळला.

दहा दिवस मी ते गुपित कसं सांभाळलं, माझं मला ठाऊक. रोज सकाळी जॉगिंग ट्रॅकवर कुणाचा मुलगा टेक्सासला, कुणाची सून टोरांटोला, आणि मी आपला गुडघ्याला लावायच्या तेलावर बोलतोय! अकराव्या दिवशी बंडू भेटला. बंडू आमच्या चौकातल्या मित्रमंडळाचा अध्यक्ष. मी मंडळाचा सल्लागार (सल्ला कुणी विचारत नाही, पण पद आहे).

"काय काका, काय विशेष?" एवढंच विचारलं हो त्यानं!

"बंडू, तुला म्हणून सांगतो..."

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. माणसानं काही करून दाखवलं, हे फ्लेक्स लागल्याशिवाय आमच्याकडे खरं धरत नाहीत. पोरगं दहावी झालं, फ्लेक्स. कुणी नवा टेम्पो घेतला, फ्लेक्स. मागच्या वर्षी आमच्या चौकात एका कुत्र्याच्या वाढदिवसाचा लागला होता आणि त्याच्याखाली शुभेच्छुक म्हणून माझंही नाव होतं.

"काका, फ्लेक्स झालाच पाहिजे!" बंडू म्हणाला.

"नको रे बाबा. अजून कागद जायचेत. गुप्त आहे सगळं."

"आपल्या गल्लीतच लावू ना. कोण बघतंय?"

फ्लेक्सच्या बाबतीत 'कोण बघतंय' हा मुद्दा मला पटला, यावरून माझी तेव्हाची अवस्था ओळखा. मजकूर तर मीच लिहून दिला! 'इंदिरानगरचा सुपुत्र सातासमुद्रापार! मुक्त व्यापार कराराचे मानकरी मा. ओंकारजी यांची ऑस्ट्रेलिया येथे मुख्य आचारीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मधोमध ओंकार, डोक्यावर पांढरी टोपी. खाली मंडळाचे बावीस कार्यकर्ते, निम्मे गॉगल लावलेले, निम्मे कानाला मोबाईल लावलेले. आणि वर उजव्या कोपऱ्यात, एका गोलात, मी. 'मार्गदर्शक'. फ्लेक्सला महापालिकेची परवानगी लागते हे मला माहीत होतं. ओंकारची लागते, हे काही सुचलं नाही.

रविवारी सकाळी साडेआठला फोन वाजला.

"मामा."

"बोल रे."

"मी हॉटेलच्या किचनमधून स्वतःकडे बघतोय."

"आरसा लावला का?"

"मामा, बोगद्याच्या तोंडाशी बारा फुटी ओंकार लागलाय!"

झालं असं होतं की फ्लेक्सवाल्यानं एकावर एक फुकट दिला होता. फुकटचा वाया का घालवा, म्हणून बंडूनं तो जिथे सगळ्यात जास्त गर्दी असते तिथे, हायवेखालच्या बोगद्यापाशी नेऊन बांधला. आणि तिथून बरोब्बर समोर नानाशेठचं हॉटेल!

"नानाशेठ आले?"

"अकराला येतात. मी कढई सोडून येऊ शकत नाही. मामा, काहीही करा, पण तो काढा!"

मी स्कूटर काढली. हिची भाजीची कात्री डिकीत टाकली. बंडूला सात फोन केले, पण रविवारी दुपारपर्यंत बंडू कुणाचाच नसतो. बोगद्यापाशी पोचलो, शेजारच्या रसवंतीवाल्याची शिडी मागून घेतली, आणि बासष्टाव्या वर्षी, घरच्या पायजम्यात, वर चढलो. उजवीकडची दोरी कापली. पुढे काय होणार हे पाटबंधारे खात्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं! अख्खा फ्लेक्स भिंत फुटल्यासारखा माझ्या अंगावर आला. मी आत गुंडाळला गेलो, शिडी डुगडुगायला लागली.

"ओ काका, दमानं, दमानं! शिडी धरलीय मी," खालून आवाज आला.

"धरा हो! फार उपकार होतील!"

"कुणाचा हाय ह्यो फ्लेक्स?"

"कुणाचा नाही हो. चुकून लागलाय."

"चुकून? मग वरच्या कोपऱ्यात तुम्हीच हायेत ना?"

मी फ्लेक्समधून डोकं बाहेर काढून खाली पाहिलं. पांढरा सफारी, कपाळाला गंध, पायात कोल्हापुरी. नानाशेठना मी आधी कधी पाहिलं नव्हतं, पण समोरून हॉटेलचा वॉचमन त्यांना सलाम ठोकत होता, त्यावरून काय ते समजलं. नेमके त्या दिवशी ते नऊलाच आले होते! एका हातानं शिडी धरून त्यांनी सगळा मजकूर, अगदी बावीस नावांसकट, सावकाश वाचला. मला नीट खाली उतरवलं. मग रस्ता ओलांडून आत निघून गेले.

दुपारी ओंकारनं धीर करून पत्राचा विषय काढला.

"पत्र कशाला?" नानाशेठ म्हणाले. "मानकरी झालास की तू. माझ्या पत्रावाचून काय अडलंय?"

महिना संपायला पाच दिवस राहिले होते. संध्याकाळी मनमाडहून शैलाचा फोन. "दादा, तुझ्या पोटात एक गोष्ट राहत नाही रे! माझ्या लग्नाआधी हुंड्याला नाही म्हणायचं आपलं ठरलेलं, ते सुद्धा तू व्याह्यांना आधीच सांगून आला होतास!" (ते बरंच झालं होतं, पण ही वेळ ते काढायची नव्हती.) आमची ही माझ्याशी बोलेना. जेवायला वाढायची, पण ताट ठेवताना आवाज करायची. आणि ओंकार? तो रागावलाच नाही. "जाऊ द्या मामा, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत," म्हणाला. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर मला जेवण तरी गेलं असतं. पल्लवीनं लेकीकडून मेलबर्नचा पत्ता इंग्रजीतून पाठ करून घ्यायला सुरुवात केली होती, ते बंद केलं. मला खरंच फार वाईट वाटलं. आठ वर्षं पोरगा भट्टीपुढे उभा, सणवार बघितला नाही, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं, आणि मी ते बोगद्यावर टांगून आलो!

तिसऱ्या दिवशी कुणाला न सांगता मी नानाशेठकडे गेलो. जाताना विनंती अर्ज नेला, तीन प्रतींत. दुसऱ्या कुठल्या प्रकारे माफी मागायची मला सवय नाही.

नानाशेठनी अर्ज हातात घेतला, चष्मा लावला, काढला.

"मामा, ओंकार जाणार हे मला दोन महिन्यांपासून ठावं हाय."

"कसं काय?"

"पोरगं इंग्रजी व्हिडिओ ऐकत कांदा चिरतंय. वेटरला 'थँक्यू' म्हनतंय. मी सिन्नरचा असलो तरी आंधळा नाय."

"मग राग कसला आलाय, शेठ?"

नानाशेठ एकदम उसळले. "बावीस फोटो! बावीस! त्यातला एक तरी कधी ह्याच्या भट्टीपाशी उभा राहिलाय का? माझ्याकडं आला तेव्हा ह्याला काळा मसाला कुठवर भाजायचा ते कळत नव्हतं. माझ्या आईनं शिकवलेली शेवभाजी मी ह्याला शिकवली. दोन वर्षं ह्याची करपलेली भांडी गिऱ्हाइकाला दिसू दिली नाय. आन् मार्गदर्शक कोन? तुम्ही!" मग आवाज खाली आला. "मला सांगितलं असतं तर मीच हार घातला असता ना ओ."

त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. मी मान खाली घातली. मग अर्ज उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर सगळ्यात वर नानाशेठचं नाव लिहिलं.

नवा फ्लेक्स करायचं ठरलं. पत्र द्यायला ते लगेच तयार झाले, फक्त लिहून मी द्यायचं. मी उत्साहानं पेन काढलं: 'उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर कर्मचारी हे आस्थापनेवर...'

"ह्ये ओंकारबद्दल हाय?" नानाशेठनी विचारलं.

"अर्थात!"

"मला वाटलं धरणाबद्दल हाय. मी सांगतो ते लिहा."

आणि त्यांनी सांगितलं. किती वर्षं काम केलं, काय काय करतो, किती माणसं हाताखाली आहेत, आणि शेवटी: 'ह्या माणसाला सोडायची माझी इच्छा नाही. पण ह्याला अडवून ठेवला तर मला माझ्याच हॉटेलातली शेवभाजी गोड लागायची नाही.'

"शेठ, असं कार्यालयीन पत्रात लिहीत नसतात."

"मग मी सही करत नसतो."

अर्धा तास मी ते वाक्य काढण्यासाठी झगडलो. नाही काढलं. ओंकारनं किचनमध्ये पत्र वाचलं आणि पाठ फिरवली. कांदा झोंबतोय म्हणाला. पुढ्यात वांगी होती.

नवा फ्लेक्स दुसऱ्याच दिवशी लागला. नानाशेठ मोठे, ओंकार त्यांच्या निम्म्या आकाराचा. जागा पुरेना म्हणून माझा गोल गेला. बंडू म्हणाला, "काका, कार्यकर्ते नाराज करून चालत नाही ना!"

पण मी खचलो नाही. पल्लवीनं पत्राचं इंग्रजी केलं आणि त्याला जोडायला मी फाईल तयार केली. एकशे बारा पानं! ओंकारचा शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला, रेशन कार्ड, लसीकरणाचं कार्ड, पाचवीतल्या निबंध स्पर्धेचं प्रमाणपत्र, घराणं प्रतिष्ठित आहे हे दाखवायला माझा निवृत्तीचा आदेश, आणि करारातल्या त्या ओळीचं वर्तमानपत्रातलं कात्रण, लाल शाईनं अधोरेखित (त्यांनी स्वतःचा करार वाचला नसेल तर?). प्रत्येक पानावर 'सत्यप्रत'. पल्लवीनं दोन दिवस मान मोडून सगळं स्कॅन केलं आणि महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी पाठवलं.

परवाना मिळाला, हे आत्ताच सांगून टाकतो. तिघं सुखरूप पोचली आहेत, आणि मेलबर्नची माणसं नानाशेठच्या आईची शेवभाजी खाऊन नाकं पुसत आहेत. पण त्याआधी, कागद पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच, वकीलबाईंची मेल आली. आम्ही सगळे पल्लवीच्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये डोकावलो. ती वाचून सांगायला लागली.

"मालकांचं पत्र फारच उत्तम आहे म्हणतायत. विशेषतः शेवटची दोन वाक्यं. अशी शिफारस त्यांनी पूर्वी कधी वाचली नाही. कागद आजच पुढे पाठवतायत, फक्त..." ती थांबली.

"फक्त काय?" मी विचारलं.

"फक्त विचारतायत, की सोबत एकशे बारा पानं आलीयत, ती दुसऱ्या कुणाच्या केसची चुकून जोडली गेली आहेत का? तसं असेल तर काढून टाकतील."

हिनं पदर तोंडाला लावला. ओंकार छताकडे बघत होता. पल्लवी की-बोर्डवर बोटं ठेवून अगदी हळू आवाजात म्हणाली, "मामा, काय लिहू?"

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"लिही," मी म्हणालो, "हो. चुकून आली."