रेघ मारलेली बाटली

माया गमरेला केमिकल इंजिनिअरिंगच्या पीएचडीचं पाचवं वर्ष लागलं, आणि डिलाईल रोडच्या चाळीत ‘झाली का गं?’ असं विचारणं लोकांनी सोडून दिलं. लग्न आणि पीएचडी, दोन्हीबद्दल एकदमच सोडलं, हे त्यातल्या त्यात बरं. परळच्या एका इस्पितळातून वॉर्डबॉय म्हणून निवृत्त झालेले तिचे वडील, सीताराम, तेवढे अजून दर रविवारी विचारत, “काय म्हणते तुझी पावडर?” जणू पावडर त्यांच्याच वॉर्डात भरती होती.

ही पावडर कोलंबीच्या सालपटांची. सालपटं अ‍ॅसिडात घातली की त्यांतला चुना निघून जातो. पुढच्या दोन-तीन प्रक्रियांनंतर जे उरतं ते कारखान्याच्या सांडपाण्यातला रंग शोषून घेतं. हे जगभर करतात. मायाचं म्हणणं एवढंच की जगाला लागतं त्याच्या निम्म्या अ‍ॅसिडात तिचं काम होतं. पुरावा सोपा होता. नमुना भट्टीत जाळायचा आणि राख मोजायची. चुना राहिला असेल तर राख जास्त. मायाची राख तीन वर्षं एक टक्क्याच्या आत होती. अख्खा प्रबंध त्या आकड्यावर उभा होता.

प्रबंध द्यायला दोन महिने उरले असताना समिती म्हणाली, पाच प्रयोग पुन्हा करून दाखवा. पहिल्याची राख आली सात टक्के. दुसऱ्याची आठ.

मायाच्या तोंडचं पाणी पळालं. पद्धत तीच, वजन तेच, भट्टी तीच, हात तिचेच. मग बदललं काय? कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुठं मुरतंय हे शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. समोरच्याच टेबलावर निमेश बसायचा.

निमेश शीव कोळीवाड्यातला. दोघं एकाच वर्षी लागलेले, एकाच कपाटातून अ‍ॅसिड घेणारे. सालपटं मिळत नव्हती तेव्हा मायाला बाजारात कोलंबी विकणाऱ्या आपल्या आत्याकडे, रखमाकडे, यानंच नेलं होतं. पण आता संस्थेत शिकवायच्या एका जागेची जाहिरात येणार होती आणि त्या जागेला लायक दोघंच होते. निमेश हल्ली कमी बोलायचा. माया आली की लॅपटॉप मिटायचा. आधी या गोष्टी तिच्या लक्षातही येत नव्हत्या.

तिनं अ‍ॅसिडच्या बाटलीवर मार्करनं बारीक रेघ मारली. पाणी घातलं तर पातळी वर येईल, हा हिशेब. पातळी हलली नाही, तर तिला वाटलं, बेटा हुशार आहे, जेवढं पाणी घालतो तेवढं अ‍ॅसिड आधी काढतो. संशयाचं असंच असतं. पुरावा नाही मिळाला तर तोच पुरावा. वहीच्या शेवटच्या पानावर ती निमेशच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहू लागली. त्यातच सालपटांनाही घाण वास यायला लागला होता. म्हणजे यानं आत्यालाही सांगून ठेवलं असणार, हिला शिळं दे!

खरं तर संशय काय चीज असते हे मायाला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. अकरावीला दादरच्या क्लासमध्ये एका मुलीचा फोन हरवला. वर्गात चाळीस जणं, पण बॅग उघडायला लावली फक्त मायाला. डबा, वह्या, सॅनिटरी पॅड, सगळं बाकावर मांडलं गेलं. फोन संध्याकाळी त्या मुलीच्याच घरी सापडला. माफी कुणी मागितली नाही, आणि मायानं घरी कधी सांगितलं नाही. निमेशच्या वेळा लिहिताना ती दुपार एकदोनदा आठवली, पण तिनं पान उलटलं. इथं माझ्याकडे कारण आहे, असं तिनं स्वतःला बजावलं. त्या वर्गातल्या सरांनाही तसंच वाटलं असेल, हे मात्र तिच्या डोक्यात आलं नाही.

तिसऱ्या प्रयोगाची राखही सात टक्के आली आणि शुक्रवारी तिनं विभागप्रमुखांकडे लेखी तक्रार दिली. सोमवारी निमेशकडून लॅबची किल्ली काढून घेतली गेली. चौकशी होईपर्यंत दुसरं कुणी हजर असेल तेव्हाच त्यानं काम करायचं, असं ठरलं. तो काही बोलला नाही. मायाला तेही खटकलं. निर्दोष माणूस आरडाओरडा करतो, असा तिचा समज.

चौकशीत पुरावा लागणार, म्हणून मंगळवारी ती कोळीवाड्यात गेली. शिळ्या मालाचं रखमाकडून कबूल करून घ्यायचं होतं. रखमा दारातच खुर्चीवर बसलेली, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पाय स्टुलावर.

“ये गो बाय. दोन महिने झाले, मी बाजारात नाय. सून बसते.” मग मायाच्या हातातल्या पिशवीकडे बघून तिनं विचारलं, “वास येतो का गो आता सालपटांना?”

माया सावध झाली. “येतो. का?”

“येनारच! सुनेला चार वेला सांगितलं, त्या पोरीची सालपटं रातभर विनेगरात टाकून ठेव, सकाली धू, मग बर्फावर घाल. तिला कंटाला येतो.”

“व्हिनेगर?”

“कोलंबीच्या लोनच्याला आनते ना मी. पयल्या दिवशी तू पिशवी घेऊन बसमदी चढलीस, तवा एक बाई नाक दाबून उठली. मी स्टॉपवरून बघितलं. मना लय वंगाल वाटलं. शिकायला चाललेली पोरगी, तिला बघून कुनी का उठावं?”

माया तिथेच पायरीवर बसली. तीन वर्षं तिच्या हातात आलेल्या सालपटांतला अर्धा चुना या बाईच्या पातेल्यात आधीच विरघळलेला होता. निम्मं अ‍ॅसिड वाचवलं होतं ते रखमानं.

पण संशय लगेच सुटत नाही. निमेशनं आत्याला पढवलं तर नसेल, हा विचार रखमाचा चहा पितानाही तिच्या मनात येऊन गेला, आणि या वेळी तिला त्याची लाज वाटली. लॅबमध्ये येऊन तिनं त्याच सालपटांचे दोन वाटे केले. एक रात्रभर व्हिनेगरात, दुसरा तसाच. रेघ मारलेल्या त्याच बाटलीतलं अ‍ॅसिड दोन्हींना वापरलं. गुरुवारी राख मोजली. तशाची सात टक्के. व्हिनेगरवाल्याची पाऊण.

तिनं विभागप्रमुखांना दुसरं पत्र लिहिलं. निमेशचा काही दोष नाही, चूक माझी, आणि निम्म्या अ‍ॅसिडचा माझा दावा टिकत नाही. सरांनी चष्मा काढला. “म्हणजे एक प्रकरण नव्यानं लिहावं लागेल. सहा-आठ महिने तरी गेले. ती जागाही गेली.”

“हो सर,” माया म्हणाली. निमेशची किल्ली तिनं मागून घेतली.

निमेश टेबल आवरत होता. तिनं किल्ली पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं, व्हिनेगर, राख, पत्र. मग माफी मागितली.

“रेघ मी पहिल्याच दिवशी बघितली होती,” तो म्हणाला. “तेव्हापासून वरच्या लॅबमधून अ‍ॅसिड मागून आणतोय. तुझ्या बाटलीला हात पण नाही लावला.”

“मग बोलला का नाहीस रे?”

“काय बोलणार? मी चोर नाही, असं?”

त्यानं किल्ली खिशात टाकली. मग बॅग उचलून तिच्यासमोर टेबलावर ठेवली आणि चेन पूर्ण उघडली. आत डबा होता, दोन वह्या, घामेजलेला टीशर्ट.

“बघून घे,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, सवय होती. “सोमवारपासून शिपायाला रोज दाखवूनच निघतोय.”

ते बघायला नको म्हणून मायानं डोळे मिटून घेतले, तर समोर अकरावीच्या वर्गातला तो बाक आला.